बेवारस मालाचा लिलाव

'लिलाव' हा मराठी शब्द तुम्हांला नवा वाटेल. पण 'नीलाम' हा शब्द तुम्ही उर्दूत नेहमी ऐकता. हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. पोर्तुगीज लोक व्यापारासाठी आपल्या किनाऱ्यावर आले, त्यांच्या भाषेतून ते आले. तसेच उर्दूतल्या 'लावारिस'ला मराठीत 'बेवारस' म्हणतात. ज्या मालावर हक्क सांगायला कोणी पुढे येत नाही, तो बेवारस माल. अशा मालाचा लिलाव होतो, तेव्हा तो घेणारा खरोखर श्रीमंत होतो का?

लिलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. राजूरच्या आसपासचे शेतकरी सोयाबीन किंवा मका घेऊन बाजार समितीत जातात. तिथे व्यापारी ढिगात हात घालतात, दाणे तळहातावर घेऊन ओल आणि कचरा पाहतात आणि मगच बोली लावतात. म्हणजे माल डोळ्यांसमोर असतो. बेवारस मालाच्या लिलावात मात्र पुष्कळदा अंदाजावर भिस्त ठेवावी लागते.

अमेरिकेत लोक जादा सामान ठेवायला भाड्याने खोल्या घेतात. भाडे थकले, की नियमाप्रमाणे नोटीस देऊन त्या खोलीतल्या सामानाचा लिलाव करतात. बोली लावणाऱ्यांना साधारणपणे दारातूनच आत पाहता येते. पाऊल टाकता येत नाही, खोकी उघडता येत नाहीत. या लिलावांवर २०१० साली 'स्टोरेज वॉर्स' नावाची दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि फार गाजली. तिच्यात जुन्या गाद्यांच्या मागून मौल्यवान वस्तू निघत. पुढे २०१२ मध्ये, त्या मालिकेत दिसणाऱ्या एका खरेदीदारानेच कोर्टात दावा लावला. काही वस्तू आधीच आणून ठेवलेल्या असतात, असा त्याचा आरोप होता. तो आरोप बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उघड आहे : गाद्यांच्या मागून नुसत्या गाद्याच निघाल्या, तर ते कोण पाहील?

आपल्याकडे अशा खोल्यांचे लिलाव फारसे होत नाहीत. पण बेवारस माल भरपूर आहे. पोलीस ठाण्यांच्या आवारात धूळ खात पडलेल्या मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. त्या लगेच विकता येत नाहीत. मालक सापडला नाही, तर दंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देतात. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मुदत संपल्यावर लिलाव होतो आणि अनेकदा ही वाहने भंगार म्हणूनच विकली जातात. भंगार म्हणून घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर चालवता येत नाही. तिचे लोखंड भट्टीत जाते. आपल्या जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवूनच सळया तयार होतात.

आता एक हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, दहा मोटारसायकलींवर एकाने २५,००० रुपयांची बोली जिंकली. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ४,५०० रुपये. टेम्पो आणि हमाली ३,५०० रुपये. एकूण खर्च ३३,००० रुपये झाला. प्रत्येक गाडीतून ७० किलो लोखंड निघाले आणि भाव ३० रुपये किलो धरला, तर २१,००० रुपये येतील. दहा गाड्यांतून १०० किलो ॲल्युमिनियम १२० रुपये भावाने विकले, तर १२,००० रुपये. बेरीज ३३,००० रुपये. हातात शून्य! आठ दिवस सुटे भाग काढण्यात गेले, त्याची मजुरीही नाही. हाच माल २०,००० रुपयांना घेतला असता, तर ५,९०० रुपये उरले असते. म्हणून जाणता भंगारवाला आकडा घरूनच ठरवून येतो आणि त्या आकड्याला गप्प बसतो. नवखा माणूस शेजाऱ्याने पाचशे वाढवले, की आपणही पाचशे वाढवतो. माझ्या मते पैसा बुडतो तो याच क्षणी.

मोठे लिलाव बंदरांवर होतात. मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथे परदेशांतून कंटेनर येतात. कधी मागवलेल्या मालाचा भाव मधल्या काळात कोसळतो, कधी जकात भरायला व्यापाऱ्याकडे पैसे नसतात. मग तो माल सोडवायला येतच नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ प्रमाणे माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडवला नाही, तर मालकाला नोटीस देऊन आणि अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन तो विकता येतो. हल्ली बोली संगणकावर लागते. आधी अनामत रक्कम भरावी लागते. ('बयाना' शब्द तुम्हांला माहीत आहेच; मराठीत तो 'बयाणा' होतो.) मालाची यादी मिळते आणि ठरलेल्या दिवशी तो पाहताही येतो. पण अट एकच असते : 'जसा आहे, जिथे आहे'. माल नंतर खराब निघाला, तर तक्रार चालत नाही.

याच गोष्टीचा फायदा ठकही घेतात. 'कस्टमचा माल अगदी स्वस्तात' असे सांगणारा फोन येतो आणि आगाऊ रक्कम मागितली जाते. सरकारी लिलावाचे पैसे कोणा माणसाच्या खासगी खात्यात कधीच भरायचे नसतात. घरातल्या मोठ्यांना हे तुम्हीच सांगा; अशा फोनना बळी पडणाऱ्यांत शिकलेले लोकही असतात.

आणि मूळ मालकाचे काय? बंदरावरच्या लिलावाचे पैसे आले, की आधी विक्रीचा खर्च वजा होतो, मग जहाजाचे भाडे, मग जकात, मग माल सांभाळणाऱ्याचे शुल्क. एवढे सगळे वळते करून काही उरले, तर ते मालकाला द्यावे, असे त्याच कायद्यात लिहिले आहे.