दार उघडत नाही म्हणून भिंत पाडू नका

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक नवी गोष्ट आता रुळली आहे. संगणक एका गावात आणि तो वापरणारी मुलं दुसऱ्या गावात! मुलगी हुबळीला इंजिनिअरिंगला, मुलगा पुण्याला नोकरीला. आणि लग्नाचे फोटो, जमिनीचे उतारे, आजोबांची पत्रं स्कॅन करून ठेवलेला डेस्कटॉप मात्र बेळगावात, सोप्याच्या कोपऱ्यात. ‘त्यातला एक कागद पाठवा’ असा फोन आला की आई-वडिलांची धांदल उडते.

यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. त्याचं नाव एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. चित्रं नाहीत, बाण नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि लांबचा संगणक समोर असल्यासारखा वापरायचा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात १९९५ साली तातू यिलोनेन यांनी तो तयार केला. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले होते. तोवर टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जात असे. एसएसएचने त्याला बंद लिफाफा दिला. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याचीच मोफत आवृत्ती, ओपनएसएसएच, काढली. २०१८ पासून विंडोज १० मध्ये तिचा अर्धा भाग आधीपासूनच बसवलेला येऊ लागला.

अर्धा भाग का म्हटलं, ते पुढे येईलच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, संगणक नव्हे. पण भाषा शिकवणाऱ्याला एक सवय जडलेली असते. समोरचं वाक्य तो शेवटपर्यंत वाचतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अक्काच्या घरी तीच सवय कामाला आली. भावजी कन्नड, अक्का मराठी, भाची दोन्ही. तिला वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून खालचा डेस्कटॉप उघडायचा होता. ते जमलं की मग हुबळीहून. दोन दिवस खटपट चालली होती.

“मामा, नुसती एरर येतीय.”

“कसली एरर? वाच की.”

भावजींचं म्हणणं, विंडोजच पुन्हा घालावं. फोनवर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, “फायरवॉल बंद करून टाका, लगेच चालतंय बघा.” दोन्ही सल्ले म्हणजे दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायची! संदेश नीट वाचला, तर अडचण कुठल्या उंबऱ्यावर आहे ते तोच सांगत असतो.

आज्ञाच ओळखीची नाही

पहिला संदेश असा, की एसएसएच ही आज्ञा संगणकाला ठाऊक नाही. याचा अर्थ जाळं, पासवर्ड, राऊटर यांचा अजून संबंधच आलेला नाही. एकतर तो प्रोग्रॅम बसवलेला नाही, किंवा कुठे शोधायचा ते विंडोजला माहीत नाही. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ या यादीत ‘ओपनएसएसएच क्लायंट’ आहे का पाहावं, नसल्यास घालावं आणि काळी खिडकी बंद करून नव्यानं उघडावी. मग एसएसएच, मोकळी जागा, आडवी रेघ आणि इंग्रजी मोठा व्ही असं लिहिलं की आवृत्तीचा क्रमांक उमटतो. तो उमटला की पहिला उंबरा ओलांडला.

दार ठोठावलं, आत कोणी नाही

आता त्या अर्ध्या भागाची गोष्ट. क्लायंट म्हणजे दार ठोठावणारा आणि सर्व्हर म्हणजे आतून दार उघडणारा. विंडोजबरोबर येतो तो ठोठावणारा. उघडणारा त्याच यादीतून वेगळा घ्यावा लागतो. तो घेतल्यावरही ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीत जाऊन ‘ओपनएसएसएच एसएसएच सर्व्हर’ सुरू करावा लागतो आणि ‘ऑटोमॅटिक’ ठेवावा लागतो. नाहीतर वीज जाऊन आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तपासणी नेहमी घरातल्या घरात सुरू करावी. डेस्कटॉपवरच बसून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं, की संगणक स्वतःचंच दार वाजवतो. तिथे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर पत्ता बरोबर आहे, पण २२ क्रमांकाच्या दारामागे कोणी बसलेलं नाही असं समजावं. भाचीचं नेमकं हेच झालं होतं. सर्व्हर घातला होता, सुरू केलेला नव्हता.

हाक मारली, उत्तरच नाही

डेस्कटॉपवर जमलं, पण लॅपटॉपवरून ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’. ‘रिफ्यूज्ड’मध्ये निदान ‘नाही’ असं उत्तर येतं. ‘टाइम्ड आऊट’मध्ये उत्तरच येत नाही. बहुधा पत्ता चुकलेला असतो, नाहीतर फायरवॉलनं हाक आत जाऊच दिलेली नसते.

पत्ता ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेनं कळतो. राऊटर तो अधूनमधून बदलतो, म्हणून मागच्या महिन्यात लिहून ठेवलेला आकडा आज चालेलच असं नाही. इथे पत्ता बरोबर होता. मात्र घरच्या वायफायला विंडोजनं ‘पब्लिक’, म्हणजे बसस्टँडवरच्यासारखं परकं जाळं मानलं होतं. आणि एसएसएचला वाट देणारा फायरवॉलचा नियम ‘प्रायव्हेट’ जाळ्यापुरताच होता. वायफायच्या गुणधर्मात तेवढा एक पर्याय बदलला आणि दार उघडलं. फायरवॉल होती तशीच राहिली. ती बंद केली असती तरी दार उघडलं असतं. पण मग इतरही दारं उघडी पडली असती, आणि ती पुन्हा लावायची आठवण कोणाला राहते?

“यार्री?”

पहिल्यांदा जोडताना संगणक विचारतो, समोरच्याची ओळख पटलेली नाही, पुढे जायचं का? आणि अक्षरांची एक लांबलचक माळ दाखवतो. बहुतेक जण न वाचता ‘यस’ लिहितात. ही माळ म्हणजे लांबच्या संगणकाच्या अंगठ्याचा ठसा. दार वाजलं की अक्काच्या सासूबाई आतूनच “यार्री?” म्हणून विचारतात आणि आवाज ओळखल्याशिवाय कडी काढत नाहीत. इथे फक्त उलटं आहे. बाहेरचा माणूस आतल्याला विचारतो, “हे माझंच घर ना?” डेस्कटॉपवर तो ठसा पाहून, दोन्ही जुळवून मगच होकार द्यावा.

पुढे कधी ‘ओळख बदलली आहे’ असा दरडावणारा संदेश आला, तर आठवावं : मध्यंतरी विंडोज पुन्हा घातलं होतं का? घातलं असेल तर कारण सापडलं. जुनी नोंद काढून नवा ठसा जुळवून घ्यावा. तसं काहीच घडलेलं नसेल, तर तिथेच थांबावं.

परवानगी नाही

‘परमिशन डिनाइड’ हा संदेश खरं तर शुभ आहे. आपण दारापर्यंत पोचलो, उघडणाराही आला, फक्त नाव किंवा किल्ली जुळत नाही. नाव कळायला डेस्कटॉपवर ‘हूअॅमआय’ असं जोडून लिहावं. रोज संगणक उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही. खात्याचा पासवर्ड लागतो. टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असं समजू नये.

पासवर्डपेक्षा किल्ल्यांची जोडी बरी. खासगी किल्ली लॅपटॉपवर राहते, जाहीर किल्ली डेस्कटॉपवर ठेवायची. एक गोम मात्र ध्यानात ठेवावी. विंडोजवर खातं अॅडमिनिस्ट्रेटरचं असेल, तर जाहीर किल्ली नेहमीच्या फाइलीत नव्हे, ‘प्रोग्रॅमडेटा’खालच्या एसएसएच फोल्डरातल्या वेगळ्या फाइलीत जावी लागते. अनेक जण इथेच अडतात. एवढं करूनही अडलं, तर आज्ञेत आडवी रेघ आणि छोटा व्ही घालावा. मग एसएसएच आपलं प्रत्येक पाऊल बोलून दाखवतं आणि शेवटची ओळ अडचणीचं ठिकाण सांगते.

घराबाहेरून येताना

हुबळीची गोष्ट वेगळी. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरापुरता असतो. राऊटरमध्ये २२ नंबरचं दार जगासाठी उघडून ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण जगभरातले यंत्रमानव अशी दारं दिवसरात्र ठोठावत, पासवर्ड चाचपत फिरतात. शिवाय कित्येक कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात, त्यामुळे ही युक्ती चालतही नाही. त्यापेक्षा वायरगार्डसारखी खासगी वाट बांधून तिच्यातून एसएसएच वापरावं, आणि तेही किल्लीनंच.

आणि हो, घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगून ठेवा. आपण होऊन बसवलेलं दार वेगळं, आणि ‘बँकेतून बोलतोय, हे अॅप घाला’ म्हणणाऱ्या फोनवाल्याला दिलेली किल्ली वेगळी. असा फोन सरळ ठेवून द्यावा.

बारीक लक्षाचं मोल किती असतं, ते २०२४ च्या मार्चमध्ये जगाला दिसलं. मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचनं आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. ‘चालतंय ना, मग झालं’ म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. शोध घेतला, तेव्हा ‘एक्सझेड’ नावाच्या एका मोफत साधनाच्या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरलेली सापडली. ती जगभरच्या यंत्रांत पसरण्याआधीच पकडली गेली.

आपल्याला अर्धा सेकंद मोजायचा नाही. पडद्यावर आलेली एक ओळ शेवटपर्यंत वाचायची आहे. ती इंग्रजीत असते म्हणून मोठी माणसं बिचकतात. तेव्हा घरातल्या मुलांनी तिचा अर्थ मराठीत सांगावा, कन्नडमध्ये सांगावा आणि मगच माउसला हात लावावा. दोन भाषांत वाढलेल्या मुलांना हे काही अवघड नाही.