म्हातारपणीं दाद कोठें मागावी?

मुंबईहून जुन्या रस्त्यानें पुण्याकडे निघालें म्हणजे खोपोलीपाशीं शिळफाटा लागतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर बोरघाटाची चढण सुरू होते. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचा हा प्रदेश डोंगरांच्या कुशींत वसलेला. हवा मोकळी, आणि मुंबई व पुणें हीं दोन्ही शहरें कांहीं तासांच्या अंतरावर. म्हणून गेल्या कांहीं दशकांत या भागांत शहरवासी लोकांचे बंगले उठले आणि त्यांच्या जोडीनें वृद्धाश्रमहि उघडले. मुलगा बंगळुरास, मुलगी परदेशीं, आणि डोंबिवलीच्या अगर पुण्याच्या घरांत आई एकटी, अशी स्थिति असलेलीं कितीतरी कुटुंबें अशा ठिकाणीं आईची सोय करितात व दरमहा पैसे पाठवितात. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. कित्येक आश्रमांतून वृद्धांची सेवा घरच्याहून चांगली होते. परंतु जेथें ती होत नाहीं तेथें काय? आणि आश्रम दूरच, स्वतःच्या घरांतच ज्याची आबाळ होते, ज्यास वेळेवर अन्न व औषध मिळत नाहीं, प्रसंगीं शिवीगाळ आणि मारहि सोसावा लागतो, त्या वृद्धानें काय करावें?

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें बरेंच स्पष्ट दिलें आहे. तें आपल्या सुशिक्षित घरांतून फारसें ठाऊक नसतें, आणि ठाऊक असलें तरी उपयोगांत आणलें जात नाहीं. याचें कारण बहुधा एकच; तें म्हणजे लाज. पोटच्या मुलाविरुद्ध कचेरीची पायरी चढावयाची? लोक काय म्हणतील? ही आपली संस्कृति नव्हे, असें वृद्ध स्वतःच म्हणतात, आणि आप्तेष्ट माना डोलावतात.

आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे, आणि ती शास्त्रासहि धरून नाहीं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत गुरु शिष्यास निरोप देतांना आईबापांस देवाप्रमाणें मानण्यास सांगतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण आपले शास्त्रकार उपदेशावर थांबले नाहींत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, जेथें राजानें न्यायनिवाडा कसा करावा हें सांगितलें आहे तेथेंच, आई, बाप, स्त्री व पुत्र हीं पतित नसतां त्यांचा त्याग करणाऱ्यास राजानें सहाशें पण दंड करावा असें सांगितलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, ऐपत असून आईबापांस न पोसणाऱ्यास बारा पण दंड आहे. पतितांस पोसण्याचें बंधन नाहीं असें म्हणून कौटिल्य त्यांतून आईस मात्र मुद्दाम वगळतो. म्हणजे आई पतित झाली तरी तिला टाकतां येत नाहीं. तात्पर्य, आईबापांची हेळसांड हा राजदरबारीं नेण्याजोगा अपराध आहे, ही कल्पना कोणा परकीयांनीं आपणांस शिकविलेली नाहीं.

आतां हल्लींच्या कायद्याकडे वळूं. 1956 च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें वृद्ध व असमर्थ आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवरहि घातली. पुढें 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमानें आईबापांस मॅजिस्ट्रेटाकडे पोटगी मागण्याची वाट मिळाली. या वाटेनें गेलेला एक प्रसिद्ध खटला आपल्या कल्याणचाच आहे. एका पित्यानें, डॉक्टरी करणाऱ्या आपल्या विवाहित मुलीकडून दरमहा 500 रुपये मिळावेत म्हणून कल्याणच्या कोर्टांत अर्ज केला. मुलीवर असें बंधन नाहीं, असा आक्षेप निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि 1987 सालीं निकाल झाला कीं, स्वतःचें पुरेसें उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरहि हें कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें घेतली असून 125 वें कलम आतां 144 वें झालें आहे. आईबाप स्वतः जेथें राहतात तेथेंच अर्ज करण्याची सोयहि तींत झाली आहे.

याहून सोपी वाट 2007 च्या कायद्यानें उघडली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा हा कायदा महाराष्ट्रांत 1 मार्च 2009 पासून लागू आहे. ज्यांचें वय 60 वर्षें झालें ते या कायद्याप्रमाणें ज्येष्ठ नागरिक; आईबापांस मात्र वयाची ही अट नाहीं. सज्ञान मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर जबाबदारी आहे, आणि ज्यास मूलबाळ नाहीं त्यास, जो वारस त्याची मालमत्ता उपभोगतो अगर पुढें उपभोगणार आहे, त्याच्याकडे निर्वाह मागतां येतो. निःसंतान काका-काकू व आत्या आपल्या घरांतून पुष्कळ असतात. त्यांनीं हें कलम ध्यानांत ठेवावें.

अर्ज ऐकणारें न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याचें, म्हणजेच आपण ज्यांस प्रांत म्हणतों त्यांचें. कर्जत व खालापूर तालुक्यांचें प्रांत कार्यालय कर्जतास आहे. शिळफाट्याच्या माणसानें खोपोलीस लोकलगाडींत बसावें आणि कर्जतास उतरावें. वृद्ध जेथें राहतो, पूर्वीं जेथें राहत होता, किंवा मुलें जेथें राहतात, यांपैकीं कोणत्याहि जिल्ह्यांत अर्ज चालतो. म्हणून डोंबिवलीहून येथल्या आश्रमांत आलेल्या वृद्धेनें दाद मागण्यासाठीं परत ठाणें जिल्ह्यांत हेलपाटे घालण्याचें कारण नाहीं. स्वतः अर्ज करणें शक्य नसेल तर तिनें अधिकार दिलेली व्यक्ति वा संस्था अर्ज करूं शकते. न्यायाधिकरण आपण होऊनहि दखल घेऊं शकतें. मुलगा परदेशीं असला तरी त्यास समन्स पाठविण्याची तरतूद आहे. सुनावणीपूर्वीं प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोंपवितां येतें, आणि कित्येक घरांस तेवढेंच पुरेसें होण्यासारखें आहे. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल व्हावा असा नियम असून फार तर आणखी 30 दिवस वाढवितां येतात. मधल्या काळांत हंगामी भत्ता मागतां येतो. निर्वाहाची रक्कम मात्र दरमहा 10,000 रुपयांहून अधिक ठरवितां येत नाहीं. ती न देणाऱ्यावर वॉरंट निघतें व एक महिन्यापर्यंत कैदहि होऊं शकते. निकाल मान्य नसल्यास वृद्धास 60 दिवसांत अलिबागेस जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करतां येतें. मॅजिस्ट्रेटाची वाट आणि ही वाट, या दोहोंपैकीं एकच धरावी लागते, हें विसरूं नये.

वृद्धास कोठेंतरी नेऊन कायमचें सोडून देणें हा तर याच कायद्यानें गुन्हा आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटा पत्ता देऊन आईस आश्रमांत ठेवणें आणि मग तोंड न दाखविणें, याचा विचार या कलमाच्या प्रकाशांत प्रत्येकानें करावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेक वृद्धांच्या दुःखाचें मूळ एका सहींत असतें. मुलगा म्हणतो, घर आतांच माझ्या नांवावर करा, पुढची दगदग नको. आणि बाप बक्षीसपत्र करून देतो. या कायद्याचें 23 वें कलम म्हणतें कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असून घेणारा सांभाळ करीत नसेल, तर तें हस्तांतर फसवणुकीनें वा दडपणानें झालें असें समजून न्यायाधिकरण तें रद्द ठरवूं शकतें. पण ही अट सिद्ध व्हावी लागते, असें सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं सांगितलें. पुढें जानेवारी 2025 मध्यें मध्यप्रदेशांतील एका मातेच्या खटल्यांत, मुलानें वेगळ्या कागदावर लिहून दिलेलें सांभाळाचें वचन विचारांत घेऊन न्यायालयानें बक्षीसपत्र रद्द केलें व घराचा ताबा तिला परत देण्याचा हुकूम केला. यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. होतां होईल तों हयातींत घर देऊं नये, मृत्युपत्र करावें. आणि द्यावयाचेंच झालें तर सांभाळाची अट त्याच दस्तऐवजांत स्पष्ट शब्दांनीं लिहवून घ्यावी. जो मुलगा मनापासून सांभाळणार आहे, त्यास ती अट लिहून देण्यास हरकत नसावी.

त्याच वर्षीं मुंबईचें एक प्रकरण गाजलें. 80 वर्षांच्या पित्याच्या खोल्या थोरल्या मुलानें बळकावल्या होत्या. मुलगा स्वतःच 60 वर्षांचा झाला म्हणून खालचा हुकूम उच्च न्यायालयानें फिरविला; परंतु अर्जाच्या दिवशीं तो 60 चा नव्हता हें पाहून सर्वोच्च न्यायालयानें पित्यास न्याय दिला. मात्र हा कायदा सुनेस रस्त्यावर काढण्याचें हत्यार होऊं नये, घरांत राहण्याचा तिचा हक्कहि पाहिला पाहिजे, हें त्याच न्यायालयानें 2020 सालीं बजावलें आहे, आणि तें योग्यच आहे.

राहिला आश्रमांतील हयगयीचा प्रश्न. पैसे घेऊन पत्करलेली शुश्रूषा ही ग्राहकास दिलेली सेवा आहे. तींत कसूर झाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. रायगडचा आयोग अलिबागेस आहे. शिवाय रोगानें वा दुर्बलतेनें असहाय झालेल्या माणसाची सेवा करण्याचा करार पत्करून ती जाणूनबुजून न करणें हा 1860 च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. तेव्हां त्यांतील दंडाची मर्यादा 200 रुपये होती. आतां भारतीय न्याय संहितेच्या 357 व्या कलमानें तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मारहाण किंवा कोंडून ठेवणें असेल तर सरळ पोलिसांत जावें. परंतु या सर्वांस पुरावा लागतो. म्हणून आश्रमाशीं झालेला करार, पैशांच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत; अंथरुणावर पडून पाठीस झालेल्या जखमांची छायाचित्रें तारखेसह घ्यावींत. भेटीस जाणाऱ्यानें पूर्वसूचना न देतां, निरनिराळ्या वेळीं जावें, आणि जेवणाचें ताट स्वतः डोळ्यांनीं पाहावें.

खर्चाच्या भीतीनेंहि पुष्कळ जण मागें राहतात. पण प्रांताकडील अर्जास वकील लागतोच असें नाहीं, आणि वृद्धाची इच्छा असल्यास त्याच्या वतीनें चरितार्थ अधिकारी उभा राहूं शकतो. मोफत कायदेशीर मदत देणारी विधि सेवा व्यवस्था 1987 च्या कायद्यानें उभी आहे. जिल्ह्याचें प्राधिकरण अलिबागेस आहे, आणि तालुक्याच्या कोर्टांत तिची समिति असते. स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावतां ही मदत मिळते. म्हणजे आपल्या घरांतील प्रत्येक आजी तिला पात्र आहे. या सेवेचा दूरध्वनि 15100, आणि ज्येष्ठांसाठीं असलेला राष्ट्रीय क्रमांक 14567.

न्यायाधिकरण दरमहाची रक्कम ठरवील, घराची किल्ली परत देववील. मायेनें विचारपूस करा, असा हुकूम मात्र कोणतेंहि कोर्ट देऊं शकत नाहीं. हें जाणूनच कित्येक वृद्ध गप्प बसतात; कागद केला तर उरलीसुरली मायाहि आटेल, अशी त्यांस भीति वाटते. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, अन्न, औषध आणि निवारा हा तुमचा हक्क आहे. तो मागितल्यानें जी माया आटते, ती पूर्वींच आटलेली असते. उपासानें व मारानें ती परत आल्याचें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

वरील दोन क्रमांक घरांतील वृद्धांच्या उशाशीं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि ज्यांची दृष्टि मंदावली आहे त्यांस हें पान कोणीं तरी वाचून दाखवावें. वाचणारा त्यांचा मुलगाच असला तर त्यानें तें जरा अधिक मोठ्यानें वाचावें.