बिबट्याच्या उंचीवरून पाहिलं तर

आपल्या जुन्नर-आंबेगावात बचतगटाची बैठक कशासाठीही असो, शेवटी बोलणं बिबट्यावर येतंच. आज आम्ही त्याच्याकडे जरा वेगळ्या बाजूनं पाहणार आहोत.

दोघी समोरासमोर बसल्या की एकीची उजवी बाजू ती दुसरीची डावी. समोरचीला तिच्या जागेवरून काय दिसतं, हे ओळखायला मनाला काम पडतं. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या शास्त्रज्ञांचं १९४८ साली पुस्तक आलं. त्यांनी मुलांना तीन डोंगरांचा देखावा दाखवला आणि पलीकडच्या बाहुलीला काय दिसतं, असं विचारलं. लहान मुलं स्वतःला दिसेल तेच सांगायची. आपला शिवनेरीसुद्धा जुन्नर गावातून एक दिसतो आणि साखळीच्या वाटेनं दुसराच!

आता व्हीआर चष्मा आला आहे. तो दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दाखवतो, म्हणून खोली जाणवते. मान वळवली की देखावाही वळतो. दुसऱ्याच्या जागी, त्याच्या उंचीवर आपल्याला नेऊन बसवता येतं. नुसत्या कल्पनेनं वळण्यापेक्षा अंग खरंच वळलं की दिशा लवकर कळते, म्हणून तो उपयोगी. पण चष्म्यात अंतर खऱ्यापेक्षा कमी वाटतं, हेही लक्षात ठेवायचं.

आमच्याकडे चष्मा नाही. आम्ही भर दुपारी, सगळ्याजणी मिळून, बांधावरच करून पाहिलं. एकजण पाठमोरी खुरपायला बसली. बाकीच्या दूर जाऊन, डोळे गुडघ्याच्या थोडे वर येतील इतक्या वाकल्या. बिबट्याची नजर साधारण तेवढ्याच उंचीवर असते. उभी बाई तिथून उंच दिसते. बसलेली मात्र शेळीएवढी! आम्ही गप्पच झालो. रोज आपण अशाच तर बसतो.

बिबट्याच्या मनातलं यानं कळत नाही, पण त्याची जागा कळते. उसाकडेला एकटीनं बसू नका, मोठ्यानं बोला, मोबाईलवर गाणी लावा, लेकरू बांधावर एकटं ठेवू नका, असं वनविभाग सांगतो. ते का, हे आम्हाला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून आमच्यात खुरपताना एकजण आळीपाळीनं उभी राहते.

पुढच्या बैठकीत तुम्हीही करून पाहा. आणि बिबट्या दिसला तर त्याच्यामागे धावू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा.