भाकरीची ताकद गेली कुठं?

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाअलीकडच्या चढावर धाकटीनं सायकल थांबवली, घाम पुसला आणि म्हणाली, "आजोबा, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. त्यांची ताकद गेली कुठं?"

लाखमोलाचा प्रश्न विचारलास बयो! या सगळेजण, बसा इथं बांधावर.

ताकद हरवत नाही, तिचे वाटे होतात. अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा आपले स्नायू पायडलपर्यंत पोचवतात. उरलेली अंगातच उष्णता होऊन जाते, म्हणून तर हिवाळ्यातही घामाच्या धारा लागतात. पण त्या पाव हिश्शाची करामत बघा. मी आणि माझी सायकल मिळून 85 किलो. हे वजन 100 मीटर उंच न्यायला साधारण अर्ध्या भाकरीची ऊर्जा लागते. त्यातली पायडलपर्यंत पोचलेली ऊर्जा आता आपल्या उंचीत साठून बसली आहे.

"मग दादाला दम का नाही लागला?"

त्यानं गियर बदलला. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 14 असले, तर पायडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरतं, सायकल साडेसहा मीटर पुढं जाते. चढावर तेवढा जोर कुठून आणणार? दोन्हीकडं 30-30 दाते घेतले की एका फेरीत दोनच मीटर सरकतो, पण जोर तिपटीनं कमी लागतो. काम तेवढंच. फक्त पाय जास्त वेळा फिरवायचे.

युरोपातली माणसं पोराबाळांसकट आल्प्समध्ये सायकली घेऊन सुट्टीला जातात, तीही हेच करतात. तिथं आल्प द्युएझ नावाची नामांकित चढण आहे. 13.8 किलोमीटर, 21 वळणं, सुमारे 1,100 मीटरचा चढ! 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत 1952 साली तिथं पहिल्यांदा चढली आणि इटलीच्या फाउस्तो कोप्पीनं तो टप्पा जिंकला.

पण हे डोंगर उभे कसे राहिले? आल्प्स घडला तो आफ्रिका आणि युरोपकडचे भूभाग एकमेकांवर रेटले जाऊन. समुद्रतळाचे चुनखडीचे थर मुडपून वर आले. त्या उंचीवरच्या दगडांत आजही समुद्री जिवांचे अवशेष सापडतात, केवढं नवल!

आपला सह्याद्री निराळा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा, टोपलीत भाकऱ्या रचाव्यात तसा. आता समोर राजगडाकडं बघा. उभा कडा, मग झाडीचा उतार, पुन्हा कडा. टणक थराचा कडा राहिला, ठिसूळ थर झिजून उतार झाला. तिकडं सुवेळा माचीवर तर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ऊन, वारा, पाऊस यांनीच ते कोरलं. असल्या कड्यांवर सायकल कुठली चढायला! ती गुंजवण्यात ठेवायची आणि चोरदरवाजाच्या वाटेनं पायी पद्मावती माची गाठायची.

आता उरली उतरण. उंचीत साठवलेली ऊर्जा तिथं परत मिळते. वेग आवरायला ब्रेक दाबलात की तीच ऊर्जा घासून उष्णता होते. वाऱ्याचा अडथळा सोडून द्या. माझ्या 85 किलोंना 100 मीटर उतारावर नुसत्या ब्रेकनं सांभाळलं, तर निघणारी उष्णता पाव लिटर पाण्याला उकळी आणेल. आल्प द्युएझवरून उतरताना पावणेतीन लिटरला!

म्हणून पोरांनो, उतारावर ब्रेक एकसारखा आवळून धरू नका. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आधीच वेग कमी करा. आणि खाली पोचल्यावर ब्रेकच्या चकतीला बोट लावू नका, फोड येईल.