टेम्पो रेणूच्या तीन रेषा

रॅडिकल म्हटले की क्षणात नाहीसा होणारा रेणू डोळ्यांसमोर येतो. टेम्पो त्याला अपवाद आहे. हा तांबूस-नारिंगी घन पदार्थ बाटलीत वर्षानुवर्षे टिकतो. रॅडिकल म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू; टेम्पोत तो नायट्रोजन-ऑक्सिजन जोडीवर असतो आणि भोवतीचे चार मिथाइल गट त्याची राखण करतात.

एकट्या इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व ज्या ईपीआर पद्धतीने मोजतात, ती झावॉयस्की यांनी १९४४ मध्ये कझान येथे शोधली. सुमारे ३४०० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात हा इलेक्ट्रॉन साडेनऊ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी शोषतो. शेजारचे नायट्रोजन केंद्रकही चुंबकीय असते आणि ते तीन दिशा घेऊ शकते, म्हणून शोषणाच्या एका रेषेच्या तीन रेषा होतात. नेहमीच्या ऑक्सिजनच्या केंद्रकाला चुंबकत्वच नाही. त्यामुळे रेषांमधले अंतर सांगते ते एवढेच, की इलेक्ट्रॉनचा किती वाटा नायट्रोजनवर आहे.

हेक्झेनमध्ये हे अंतर सुमारे १५.२ गाउस भरते, पाण्यात १७.३. रेणू तोच, बदलला फक्त द्रावक.

या रेणूची दोन रूपे कागदावर मांडता येतात. एकात एकटा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर असतो आणि प्रभार कुठेच नसतो. दुसऱ्यात ऑक्सिजन ऋण, नायट्रोजन धन, आणि इलेक्ट्रॉन नायट्रोजनवर. खरा रेणू या दोन्हींचे मिश्रण आहे. ध्रुवीय द्रावक वेगळे झालेले प्रभार सावरून धरतो, दुसऱ्या रूपाचा वाटा वाढतो आणि रेषा लांब सरकतात.

पण सगळे श्रेय ध्रुवीयतेला देता येत नाही. ॲसिटोनायट्राइल आणि मिथेनॉल यांचे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ध्रुवीयतेचे एक माप, जवळजवळ सारखे, उलट ॲसिटोनायट्राइलचा किंचित जास्तच. तरी त्यात अंतर सुमारे १५.७ गाउस, तर मिथेनॉलमध्ये १६.२ च्या आसपास. फरक पडतो तो मिथेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटामुळे. त्याचा हायड्रोजन टेम्पोच्या ऑक्सिजनशी बंध जोडतो आणि ऋण प्रभाराला नेमका आधार देतो. मला ही तुलना या विषयातली सर्वांत बोलकी वाटते.

हाच बंध ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोडीची ऊर्जा खाली ढकलतो. तिच्यात आणि एकट्या इलेक्ट्रॉनच्या कक्षेत ऊर्जेचे अंतर वाढते, म्हणून जी-मूल्य, म्हणजे रेषांचा मध्य कोणत्या क्षेत्रात येतो ते ठरवणारा आकडा, थोडे उतरते. जी उतरले की तिन्ही रेषा अधिक क्षेत्राकडे सरकतात.

पेशीपटलात थोडा टेम्पो मेदात शिरतो, थोडा पाण्यात राहतो. १९६८ मध्ये हबेल आणि मॅकॉनेल यांनी चेता व स्नायूंच्या पटलांवर हीच विभागणी वापरली. पाण्यात रेषांमधले अंतर जास्त आणि जी कमी. कमी क्षेत्राच्या रेषेवर हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, तर जास्त क्षेत्राच्या रेषेवर त्यांची बेरीज होते. म्हणून तिथेच, शेवटच्या रेषेत, मेदातला टेम्पो आणि पाण्यातला टेम्पो वेगवेगळे दिसतात आणि दोन शिखरांच्या उंचीवरून कुठे किती आहे याचा अंदाज घेता येतो.