जगप्रदक्षिणेचं भाडं

देऊळगाव राजाच्या बालाजी मंदिरात प्रदक्षिणा घालताना कुणाला दिशा विचारावी लागत नाही. देव उजव्या हाताला ठेवायचा आणि चालू लागायचं. आश्विनातल्या यात्रेत लाटा मंडपाच्या गर्दीतून बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर ओळखीचे एक शेतकरी भेटले. शेडनेटमध्ये मिरचीचा सीड प्लॉट, क्रॉसिंगच्या दिवसांत घरात कुणाला उसंत नाही असा संसार. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, आम्हा दोघाले जगाची एक चक्कर मारून यायची म्हटलं तं किती पैसे लागतीन?" तेव्हा मी घाईनं आकडा सांगितला नाही. या प्रश्नाचं उत्तर बरंचसं दिशेवर अवलंबून आहे, हे मात्र त्या मंदिराच्या दारातच ध्यानात आलं.

पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर 40,075 किलोमीटर. विमानानं जाणाऱ्याला एवढा पल्ला गाठावा लागत नाही, कारण मोठी शहरं उत्तर गोलार्धात आहेत आणि तिथे घेर आखूड होत जातो. मुंबई ते पॅरिस, तिथून न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो आणि परत मुंबई ही सगळ्यात साधी फेरी. हवाई अंतर साधारण 32 हजार किलोमीटर, विमानं पाच.

ही पाच तिकिटं सुटी काढली, दोन-तीन महिने आधी काढली आणि गर्दीचे दिवस टाळले, तर माझ्या हिशेबानं माणशी दीड ते दोन लाखांत बसतात. मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात हाच आकडा अडीच लाखांच्या पुढे जायला वेळ लागत नाही. बहुतेकांना हे ऐकून नवल वाटतं, कारण मनात धरलेला आकडा याच्या कितीतरी पट असतो.

विमानाचं भाडं एसटीसारखं किलोमीटरवर ठरत नाही. एका मार्गावर किती कंपन्या धावतात, त्या दिवशी किती जागा रिकाम्या आहेत आणि प्रवाशाला किती निकड आहे, यावर ते ठरतं. अटलांटिकवर युरोप आणि अमेरिकेच्या अनेक कंपन्यांची चढाओढ असते, म्हणून पॅरिस ते न्यूयॉर्क हा समुद्रापलीकडचा टप्पा कधीकधी धक्का बसावा इतका स्वस्त मिळतो. पॅसिफिक मोठा, टप्पा लांब, कंपन्या कमी. फेरीतला सगळ्यात महाग तुकडा बहुतेक वेळा तोच. म्हणून हिशेब पॅसिफिकपासून सुरू करावा. त्या तिकिटाची स्वस्त तारीख आधी शोधायची आणि बाकीची चार त्याच्या दोन्ही बाजूंना बसवायची. अटलांटिकवरच्या स्वस्त तिकिटात पुष्कळदा मोठ्या बॅगेचे पैसे धरलेले नसतात. दोघांच्या दोन बॅगा, पाच विमानं, ही बेरीज तिकीट काढतानाच करायला हवी.

दुसरा मार्ग अख्ख्या फेरीच्या एकाच तिकिटाचा. पॅन अ‍ॅम कंपनीनं जून 1947 मध्ये जगाभोवतीची नियमित विमानसेवा सुरू केली, तेव्हा तिच्या थांब्यांत कोलकाताही होतं. आता असं तिकीट विमान कंपन्यांचे संघ विकतात. वनवर्ल्ड या संघाच्या तिकिटाचं भाडं तुम्ही किती खंडांना पाय लावता यावर ठरतं: कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. विमानं सोळापर्यंत, मुदत एक वर्षाची. जिथून निघाला त्याच देशात संपवायचं. आणि मुख्य अट अशी की एकदा पूर्वेला निघालात की पूर्वेलाच जायचं, पश्चिमेला निघालात की पश्चिमेलाच. मागे वळून समुद्र ओलांडता येत नाही. देवळातली अट आणि ही अट एकच आहे, याची मला फार गंमत वाटते.

हे तिकीट घ्यावं का? पाच-सहा थांब्यांच्या साध्या फेरीसाठी आणि इकॉनॉमीसाठी घेऊ नये, सुटी तिकिटं स्वस्त पडतात. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका धरून दहा-बारा थांबे करायचे असतील, किंवा गुडघ्यांच्या त्रासामुळे बिझनेस क्लासच हवा असेल, तर मात्र ते जरूर तपासावं. त्यात एखादं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानाची सोय कंपनीला करावी लागते. सुट्या तिकिटांत तसं कुणी बांधील नसतं. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय इकॉनॉमी तिकिटावर जीएसटी 5 टक्के आहे, वरच्या वर्गांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. म्हणजे बिझनेस क्लासचा मोह लाखामागे 18 हजारांनी वाढतो.

आता दिशेकडे येतो. नकाशा उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिला, तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणं म्हणजे पश्चिमेला जाणं. मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या माणसाच्या उजव्या हाताला सतत उत्तर राहते. म्हणजे आपली रीतसर प्रदक्षिणा पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो अशी होते. शरीरालाही ती सोसते, कारण दर टप्प्याला दिवस लांबतो, आणि लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं माणसाला सोपं जातं. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग मात्र उलटा गेला. कादंबरीत तो ऐंशी दिवसांत जगाची फेरी पुरी करण्याची पैज लावून लंडनहून 1872 च्या ऑक्टोबरात निघतो आणि मुंबईहून आगगाडीनं बऱ्हाणपूरकडे जाताना वेरूळ-औरंगाबादच्या जवळून, म्हणजे आपल्या अंगणाबाहेरूनच जातो. त्या फेरीत त्याच्याजवळच्या 20 हजार पौंडांतले जवळजवळ 19 हजार खर्च होतात. तो पूर्वेला गेला म्हणून त्याला एक दिवस जास्तीचा मिळाला आणि त्यावरच तो पैज जिंकला. पश्चिमेला जाणाऱ्याचा तोच दिवस पॅसिफिकवर गळतो. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून टोकियोला उतरलात की कॅलेंडरातली पुढची तारीख लागलेली असते. हॉटेलचं बुकिंग एक दिवस चुकण्याची हमखास जागा हीच.

दोन महिन्यांच्या आत परतायचं असेल तर पश्चिमेला जा. सहा महिने फिरायचं असेल तर माझं मत उलट आहे, आणि त्याचं कारण आपला पासपोर्ट आहे. जपानचा एका प्रवेशाचा पर्यटक व्हिसा दिल्यापासून तीन महिने चालतो. त्या मुदतीत जपानमध्ये शिरलं पाहिजे, आणि तो व्हिसा आपण राहतो त्या देशातूनच काढायचा असतो. पश्चिमेला निघून चार महिन्यांनी टोकियोला पोचणाऱ्याच्या हातात मुदत संपलेला कागद असेल. त्यानं काय करायचं? भारतात परत यायचं, पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा तिकीट काढायचं. लांबच्या फेरीतला सगळ्यात मोठा आगंतुक खर्च असा उभा राहतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो, त्याची घाई नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. म्हणून जपान आधी, मग अमेरिका, शेवटी युरोप अशी पूर्वेची फेरी आपल्या कागदपत्रांना मानवते. जर्मन किंवा जपानी प्रवाशाला हा विचार करावाच लागत नाही.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये सायकलवरून जग पालथं घातलं, तेव्हा तिलाही विमानांचा आणि व्हिसांचा हिशेब चुकला नव्हता. विसाव्या वर्षी, 159 दिवसांत, सुमारे 29 हजार किलोमीटर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून डिसेंबरात कोलकात्यात तिनं अंतर पुरं केलं. खंड ओलांडताना समुद्रावरून विमानच घ्यावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर प्रत्येक खंडाचा दरवाजा वेगळा वाजवावा लागतो. तिच्या पायांच्या जोराचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्या कागदांमागच्या चिकाटीचं तेवढंच व्हायला हवं होतं.

व्हिसाचे पैसे भाड्याच्या मानानं थोडे, पण ते परत मिळत नाहीत. शेंगेनचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो, शिवाय किमान 30 हजार युरोंचा आरोग्यविमा सक्तीचा. अमेरिकेच्या अर्जाचं शुल्क 185 डॉलर. अर्ज नाकारला तरी पैसे गेले. एका देशाकडे पासपोर्ट अडकलेला असताना दुसरीकडे अर्ज करता येत नाही, त्यामुळे तीन व्हिसांना तीन-चार महिने सहज जातात. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी तेवढे लागतात. म्हणून व्हिसा हातात येण्याआधी परतावा न देणारी तिकिटं काढू नयेत.

कराची बाब आपल्या भागातल्या माणसासाठी मुद्दाम लिहितो. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की कंपनी टीसीएस नावाची रक्कम कापून सरकारजमा करते. 2025-26 या वर्षात माणशी 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेला 20 टक्के असा दर होता. 12 लाखांच्या पॅकेजवर 90 हजार रुपये. 2026 च्या अर्थसंकल्पानं पॅकेजचा दर सरसकट 2 टक्के केला, म्हणजे त्याच पॅकेजवर 24 हजार. नुसतं विमानाचं तिकीट घेतलं, हॉटेल वेगळं, तर ते पॅकेज धरलं जात नाही. आणि कापलेली रक्कम हा वेगळा कर नसून आगाऊ जमा झालेली रक्कम आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत, आणि हे पैसे तसेच पडून राहतात. ते आपले आहेत. विवरणपत्र भरलं की परत मिळतात.

फेरी देऊळगाव राजाहूनच सुरू होते, हे विसरून चालत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई-दिल्लीची विमानं मिळतात. जालन्याहून मुंबईची रेल्वे आहे, आणि सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं. तो 5 जून 2025 ला मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. मुंबईत एक दिवस आधी पोचा. गाडीला उशीर झाला आणि आंतरराष्ट्रीय विमान सुटलं, तर पुढची चारही तिकिटं कोसळतात. मुंबईतल्या एका रात्रीचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

जमिनीवरचा खर्च शेवटी सांगतो, कारण तोच मोठा आहे. युरोप, अमेरिका, जपान इथे साधं हॉटेल, साधं जेवण आणि शहरातला प्रवास धरून दोघांना दिवसाला दहा ते पंधरा हजार लागतात. साठ दिवसांचे सहा ते नऊ लाख. विमानाचे दोघांचे तीन ते चार. व्हिसा, विमा, बॅगा मिळून आणखी एक लाख हाताशी हवा. दहा ते चौदा लाख हे माझं उत्तर. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात लेक-जावई असतील तर त्यांच्याकडचे दिवस वजा करा. मुलांच्या शाळा मागे नसलेल्या जोडप्यानं यात्रा आटोपून कार्तिकात निघावं. नाताळाच्या बऱ्याच आधीचे ते आठवडे युरोपात कमी गर्दीचे असतात आणि विमानंही स्वस्त असतात.

पहिला खर्च मात्र आजच करण्यासारखा आहे. बुलढाणा जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये पडतात, 60 पानीला 2,000. चिकटवलेला दर व्हिसा एकेक पान खातो, म्हणून 60 पानीच घ्या.