भाड्याच्या खोल्या आणि धुराची घंटा



गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळ, त्यामुळं गडमुडशिंगीत कामगारांना खोल्या लागतात. मग जुन्या घराच्या सोप्यात एक, माजघरात भिंत घालून दुसरी, माडीवर तिसरी अशा खोल्या निघतात. भाड्याचा संसाराला हातभार लागतो. पण एका घरात तीन-चार शेगड्या येतात आणि बाहेर पडायची वाट एकच राहते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. तिथं कुणी झोपलेलं नव्हतं. आपल्या घरात मात्र रात्री माणसं झोपलेली असतात, आणि धुराच्या वासानं जाग येईलच असं नाही. आगीत बरीच माणसं भाजण्याआधी धुरानंच गुदमरतात. म्हणून धूर ओळखून वाजणारी घंटा हवी.

कुठं कोणती लावायची?

जिना, बोळ आणि झोपायच्या खोलीत धुराची घंटा लावा. धूर वर चढतो, म्हणून ती छताला हवी. दुकानात ‘फोटोइलेक्ट्रिक’ मागा. गादी किंवा वायर धुमसत असली तर ती लवकर ओळखते.

स्वयंपाकघरात आणि बंबाजवळ ती नको. फोडणीच्या धुरानं सारखी वाजेल आणि वैतागून कुणीतरी सेल काढून ठेवेल. तिथं उष्णतेवर वाजणारी घंटा लावा.

गॅसगळती या दोन्हींना कळत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून ते जमिनीलगत बसवायचं.

आता मुख्य गोष्ट. खाली सोप्यात घंटा वाजली, तर माडीवर दार लावून झोपलेल्याला ऐकू येईल का? वाटण्या घातलेल्या घरात बहुधा येत नाही. म्हणून एक वाजली की सगळ्या वाजतील अशा जोडलेल्या घंटा घ्या. त्या वायरच्या मिळतात, बिनतारीही मिळतात. वायरच्या घेतल्या तर वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आत आहे ना, हे विचारा. खोल्या जास्त असतील तर अग्निशमन दलाचा सल्ला घ्या.

महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी, बटण दाबून घंटा तपासा. साधारण दहा वर्षांनी ती बदला. आणि रात्री बाहेरच्या दाराला आतून कडी लावा, कुलूप नको. घंटेनं जाग आली तरी किल्ली शोधण्यात वेळ जातो.

आग लागली तर आधी सगळ्यांनी बाहेर पडा, मग १०१ किंवा ११२ ला फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६. हे आकडे प्रत्येक खोलीच्या दारामागं लिहून ठेवा, भाडेकरूंनाही वाचून दाखवा.